वाट कोणाची पाहायची?

आगमनकाळाचा तिसरा रविवार



आज आगमनमालेतील गुलाबी मेणबत्ती पेटते आणि तुमचे फादरही गुलाबी वस्त्रात वेदीवर येतात. दर वर्षी या दिवशी पुढच्या बाकांवरची मुले तोंडावर हात ठेवून हसतात. हसू द्या त्यांना. ख्रिस्तसभेने या रविवाराला नावच आनंदाचे दिले आहे. नाताळ अजून आलेला नाही, गोठ्याचे गवतसुद्धा अजून आणायचे आहे, तरी आनंद करा म्हणून सांगणारा हा रविवार.

आजची वाचने तीन वर्षांतून एकदा येतात. संत याकोब शेतकऱ्याचे उदाहरण देऊन धीर धरायला सांगतात. संत मत्तय आपल्याला थेट तुरुंगात घेऊन जातात. तेथे योहान बाप्तिस्ता बसला आहे आणि आपल्या शिष्यांना येशूकडे पाठवून विचारतो आहे, की ज्याची वाट पाहत होतो तो तूच, की अजून दुसरा कोणी येणार आहे? १५ डिसेंबर २०१९ रोजी हीच वाचने होती. त्या दिवशी मी प्रवचनात एक चूक केली. ती आज तुम्हाला सांगायची आहे. पण आधी आपल्या चर्चच्या पायऱ्यांवर या.

२२ सप्टेंबर २०२४, रविवार. मिस्सा आटोपली, लोक घरोघरी गेले, मी साक्रिस्टीतले आवरून बाहेर आलो तर आपले आठ-दहा युवक-युवती पायऱ्यांवर ओळीने बसलेले. प्रत्येकाच्या हातात मोबाईल, कोणी कोणाशी बोलत नाही. मला वाटले, कुठे अपघाताची वगैरे बातमी आली. तसे काही नव्हते. बरोबर बारा वाजता कोल्डप्ले या इंग्लंडच्या बँडच्या कार्यक्रमाची तिकिटे सुटणार होती. जानेवारी २०२५ मध्ये १८ आणि १९ तारखेला नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियममध्ये त्यांचे कार्यक्रम ठरले होते. त्याआधी ते मुंबईत आले होते ते नोव्हेंबर २०१६ मध्ये, तेव्हा ही मुले शाळेत होती. तिकीट कमीत कमी अडीच हजार, जास्तीत जास्त पस्तीस हजार. आपल्या पिंपळगावच्या मुलांनी अडीच हजारांची स्वप्ने पाहिली होती. एकाने आईकडून, सोयाबीन विकल्यावर परत देईन म्हणून, पैसे घेतले होते. आता सोयाबीन त्याचे नव्हे, आईचेच, ही गोष्ट वेगळी.

बारा वाजले. वेबसाइट आधी उघडेना. मग उघडली आणि प्रत्येकाला रांगेतला नंबर मिळाला. एका मुलीने मला मोबाईल दाखवला. तिच्यापुढे आठ लाखांहून जास्त माणसे उभी होती. स्टेडियममध्ये माणसे मावतात पन्नास हजारांच्या आसपास. गर्दी पाहून त्याच दिवशी २१ जानेवारीचा तिसरा कार्यक्रम जाहीर झाला, तरी हिशेब काही जुळणारा नव्हता. मी म्हणालो, "अगं, आठ लाख! उठा, घरी जा, जेवा."

ती म्हणाली, "फादर, पण नंबर कमी होतोय ना."

मी रागवायच्या तयारीने आलो होतो. पण हे उत्तर ऐकून मीही पायरीवर बसलो. दोन वाजेपर्यंत बसलो. कोणालाही तिकीट मिळाले नाही. पुढे त्याच तिकिटांना दलालांनी लाखाच्या घरात भाव लावल्याच्या बातम्या आल्या, म्हणजे माणसाच्या वाट पाहण्याचाही बाजार होतो हे मुलांना कळले. आणि २६ जानेवारीला, तोही रविवारच, अहमदाबादचा कार्यक्रम थेट मोबाईलवर दाखवला, तेव्हा यातल्याच चौघांनी तो एका मोबाईलवर डोकी जुळवून पाहिला. नेट मध्येमध्ये अडकत होते. गाणी त्यांना इतकी पाठ होती की चित्र थांबले तरी हे पुढे गात होते.

त्या दुपारी पायऱ्यांवर एका मुलाने मला प्रश्न विचारला. त्याला कोल्डप्लेचे फारसे नव्हते, तो मित्रांबरोबर बसला होता. त्याचा आवडता बँड अमेरिकेचा, लिंकिन पार्क. जुलै २०१७ मध्ये त्यांचा गायक चेस्टर बेनिंग्टन याने स्वतःचे जीवन संपवले. बँड गप्प झाला. सात वर्षे दौरा नाही. आणि आमच्या या बसण्याच्या जेमतेम दोन-अडीच आठवडे आधी, ५ सप्टेंबरला, ते परत आले, एमिली आर्मस्ट्राँग ही नवी गायिका घेऊन. मुलगा म्हणाला, "फादर, सात वर्षं वाट पाहिली. पण आवाजच बदलला. मग हा तोच बँड का?"

सेमिनरीत तत्त्वज्ञानाच्या वर्गात आम्हाला एका जुन्या जहाजाचा प्रश्न घातला होता. एकेक फळी बदलत सगळीच बदलली, तर जहाज तेच की दुसरे? आम्ही दोन तास वाद घातला आणि जेवायला गेलो. या मुलाला मात्र जेवणाची आठवण नव्हती. त्याला खरेच उत्तर हवे होते. ज्याची वाट पाहिली तो हाच, की अजून वाट पाहू? मला एकदम तुरुंगातला योहान आठवला, आणि त्याच्या पाठोपाठ दुसरा एक मुलगा.

त्याच्याबद्दल लिहायला मी त्याची परवानगी घेतली आहे. धर्मग्राम दुसरे होते, नाव सांगत नाही. तो आमच्या गायनवृंदात गिटार वाजवायचा. मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात काम करायचा आणि शनिवारी संध्याकाळी सर्वांच्या आधी सरावाला हजर. साक्रिस्टीची किल्लीही त्याच्याकडेच असायची. एकदा आम्ही ४० वे स्तोत्र बसवत होतो. ते स्तोत्र वाट पाहणाऱ्या माणसाचे आहे. त्याने धीर धरून प्रभूची वाट पाहिली, प्रभूने वाकून त्याचे ऐकले, चिखलातून काढून खडकावर उभे केले. मुलांना गोडी लागावी म्हणून मी सांगितले, की आयर्लंडमध्ये यू टू नावाचा बँड आहे, १९७६ साली डब्लिनमध्ये शाळकरी मुलांनी सुरू केलेला. त्यांनी १९८३ च्या 'वॉर' या अल्बमच्या शेवटी याच स्तोत्रावर बेतलेले गाणे घातले, नाव नुसते '४०'. त्या काळात ते कार्यक्रमाचा शेवट याच गाण्याने करायचे. वाजवणारे एकेक जण मंचावरून निघून जायचे आणि लोक अंधारात गातच राहायचे. मी मोबाईलवर थोडेसे ऐकवलेही.

म्हणजे आग मीच लावली. पोराने त्या बँडची सगळी गाणी शोधून काढली. पुढे २०१९ साली बातमी आली, की यू टू पहिल्यांदाच भारतात येणार, नवी मुंबईला, त्याच डी. वाय. पाटील स्टेडियममध्ये. त्या दौऱ्याचा शेवटचाच कार्यक्रम. बँड निघून त्रेचाळीस वर्षे झाली होती. कॉलेजात असताना ज्यांनी त्यांच्या कॅसेट ऐकल्या, ते आता पन्नाशीला आलेले. आमच्या गिटारवाल्याने पगारातून पैसे साठवून तिकीट काढले आणि मग माझ्याकडे सुटी मागायला आला. तारीख १५ डिसेंबर. रविवार. आनंदाचा रविवार, आणि त्याच रात्री आमच्या कॅरलफेरीची सुरुवात.

मी म्हणालो, "देव मोठा की बँड मोठा?"

तो म्हणाला, "तसं नाही फादर. ते परत येतील का माहीत नाही."

"नाही" म्हणून मी विषय संपवला. तो शनिवारी रात्रीच्या गाडीने गेला. रविवारी सकाळी गिटारचा स्टूल रिकामा होता. मी वेदीवरून तो पाहत होतो आणि माझा राग चढत होता. दहा कुमारींचा दाखला त्या दिवशीच्या वाचनात नव्हता, पण मी तो ओढून आणला. म्हणालो, काही जण आपल्या दिव्यातले तेल भलत्याच वरासाठी जाळून टाकतात, मग खरा वर आला की हात रिकामे. नाव घेतले नाही. घ्यायची गरजच नव्हती. त्याची आई दुसऱ्या बाकावर बसली होती. तिने पदर डोक्यावरून पुढे ओढून घेतला, तो मिस्सा संपेपर्यंत तसाच होता.

मंगळवारी तो आला. साक्रिस्टीची किल्ली माझ्या टेबलावर ठेवली. कार्यक्रम कसा झाला, एवढेही मी विचारले नाही. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली, चर्चची दारे बंद झाली. दुकान बंद पडले तसा तो पुण्याला गेला. पुढे माझी बदली झाली.

आणि मी वाट पाहू लागलो. हो, मीसुद्धा. पहिले वर्षभर मला खात्री होती, की एक दिवस तो येईल, खाली मान घालून उभा राहील, मी मोठ्या मनाने क्षमा करीन, आणि तो गिटार उचलून जिथे सोडले तिथून पुढे वाजवू लागेल. किती छान चित्र! उधळ्या पुत्राच्या दाखल्यातला बाप मी झालो होतो. फरक इतकाच, की दाखल्यातल्या बापाने मुलाला घालवून दिले नव्हते.

संत ऑगस्टीन यांनी आपल्या 'कन्फेशन्स' या ग्रंथाच्या अकराव्या भागात काळाविषयी विचार करताना गाण्याचेच उदाहरण घेतले आहे. एखादे पाठ असलेले स्तोत्र आपण म्हणायला घेतो, तेव्हा म्हणण्यापूर्वी ते सगळे अपेक्षेत असते. जसजसे म्हणत जातो, तसतसे ते अपेक्षेतून निघून स्मृतीत जमा होते. ऑगस्टीन बोलतात पाठ असलेल्या गाण्याबद्दल. पण जे गाणे अजून आलेलेच नाही, त्याची वाट आपण कशी पाहतो? पायऱ्यांवरच्या त्या मुलाकडे पाहताना माझ्या लक्षात आले, की तेव्हाही अपेक्षा रिकामी नसते. ती जुन्या गाण्यांनी भरलेली असते. आपण म्हणतो नवे गाणे हवे, आणि कान लावून बसतो जुन्या आवाजासाठी.

आपल्या मुंबईचेच पाहा. १९८४ साली रॉक मशीन नावाचा बँड निघाला. (त्यांच्या १९९० च्या अल्बमचे नाव होते 'द सेकंड कमिंग', म्हणजे दुसरे आगमन. आगमनकाळात आम्हा धर्मगुरूंना असे आयते नाव सुचत नाही.) १९९३ मध्ये त्यांनी नाव बदलून इंडस क्रीड केले, १९९७ मध्ये बँड मोडला, २०१० मध्ये पुन्हा जमला आणि २०१२ साली नवा अल्बम आला. १९९५ नंतर थेट २०१२. वीस वर्षांच्या पोराने वाट पाहायला सुरुवात केली असेल तर तो सदतिसाव्या वर्षी ऐकायला बसला. इतक्या वर्षांत वाजवणारे बदलले, ऐकणाराही बदलला. आणि तरी तो मनात जुन्या कॅसेटशीच ताडून पाहणार.

योहानाचे हेच झाले. त्याने यर्देनेच्या काठावर उभे राहून लोकांना सांगितले होते, की येणारा कुऱ्हाड घेऊन येईल, खळ्यातले धान्य उफणील, भूस जाळून टाकील. संदेष्ट्यांचे जुने सूर त्याच्या कानांत होते. आणि तुरुंगात त्याला ऐकू काय येते? येशू जकातदारांबरोबर जेवतो आहे, आजाऱ्यांना हात लावून बरे करतो आहे. कुऱ्हाड कुठे दिसत नाही. हेरोद आपला सिंहासनावर सुखात आहे आणि आपण कोठडीत. योहानाच्या जागी कोणीही असता तर म्हणाला असता, हा तो नव्हे.

पण योहानाने तसे ठरवून टाकले नाही. त्याने माणसे पाठवून विचारले. मला वाटते, येथे तो मोठा आहे. आणि प्रभू रागावले नाहीत. विश्वास कमी पडला म्हणून त्यांनी योहानाला चारचौघांत सुनावले नाही, उलट लोकांसमोर त्याची थोरवी सांगितली. हे वाक्य लिहिताना माझी मान खाली जाते. उत्तर म्हणून त्यांनी हो किंवा नाही असेही म्हटले नाही. जा, आणि जे पाहता, जे ऐकता, ते त्याला सांगा, इतकेच. आंधळे पाहतात, पांगळे चालतात, गरिबांना शुभवर्तमान मिळते. म्हणजे, योहाना, हे गाणे नवे आहे, एकदा नीट ऐक. आणि ४० व्या स्तोत्रातल्या त्या धीर धरणाऱ्या माणसाच्या मुखात शेवटी प्रभू काय घालतो? नवे गीत. मी ते स्तोत्र किती वेळा शिकवले असेल, पण त्या शब्दावर कधी थांबलो नव्हतो.

मागच्या आठवड्यात एका आजोबांशी बोलत होतो. धीर धरण्याविषयीचे याकोबाचे वाचन येणार म्हणून मी त्यांना सांगू लागलो, तर ते म्हणाले, "फादर, वाट पाह्यनं आमाले काय शिकवता? मिरगापासून तेच तं करून राह्यलो."

मी त्यांना सांगितले, की याकोबाच्या पत्रात पहिल्या आणि शेवटच्या पावसाचा उल्लेख आहे. त्यांच्या देशात पहिला पाऊस साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पेरणीला येतो आणि शेवटचा मार्च-एप्रिलमध्ये दाणा भरायला. शेतकरी दोन्हींची वाट पाहतो. आजोबा हसले. "आपला शेवटचा पानी तसा नाई. तो आला तं सोयाबीन घेऊन जाते. पन हरभऱ्याले ओल देऊन जाते." मग थोडे थांबून म्हणाले, "कोनता पानी येते ते आपल्या हाती नसते." त्यांच्या कपाशीचे यंदा काय झाले ते मी विचारले नाही, ते मला ठाऊक होते.

पायऱ्यांवरच्या त्या रविवारी, संध्याकाळी, मी त्या गिटारवाल्याच्या आईला फोन केला. आधी तिची क्षमा मागितली. ती म्हणाली, "जाऊ द्या फादर, इतकी वर्षं झाली." जाऊ द्या म्हणणाऱ्या माणसाने जाऊ दिलेले नसते, हे आपण सारेच जाणतो. पण तिने नंबर दिला. त्याला फोन केला, तर पलीकडून बराच वेळ काही नाही. मी म्हणालो, "त्या दिवशी मी चुकलो. आणि एक विचारायचं राहिलं होतं. कार्यक्रम कसा झाला?"

तो पाऊण तास बोलला. सगळे आठवत होते त्याला. रांगेत शेजारी उभ्या असलेल्या, केस पांढरे झालेल्या एका अनोळखी माणसाने आपल्या डब्यातली पोळीभाजी त्याला दिली होती. जनरल डब्यात उभ्याने परत येताना तो मनात ठरवत आला होता, की फादरांना सगळे सांगायचे. आणि स्टेशनवर उतरल्यावर आईने त्याला प्रवचनाचे सांगितले.

आता तो पुण्यात काही मित्रांबरोबर स्वतःची गाणी करतो, मराठीत. मिस्सेला जात नाही, हे त्याने मला सरळ सांगितले. मी ऐकून घेतले. ऐकून घेणे मला अवघड गेले, खोटे कशाला सांगू. माझ्या मनातल्या चित्रातला मुलगा परत येणार नाही. जो आहे तो दुसराच आहे, तिशीकडे झुकलेला, दाढी वाढवलेला, आणि त्याच्याकडे मी न ऐकलेली गाणी आहेत. त्याने एक पाठवले. मला पहिल्यांदा आवडले नाही. आवाज फार, शब्द कळत नाहीत. चार-पाच वेळा ऐकल्यावर एक कडवे समजले. ते कोणत्या तरी रिकाम्या स्टुलाबद्दल आहे.

तुमच्याही घरी या नाताळला पुण्याहून, मुंबईहून, सुरतेहून कोणी ना कोणी येणार आहे. कोणाचे बोलणे बदललेले असेल, कोणाचे खाणे. कोणी बरोबर कोणाला घेऊन येईल, ज्याची तुम्ही वाट पाहिली नव्हती. एका घरी मुलगा गेले दोन नाताळ येतो म्हणाला आणि आला नाही. त्या घरातल्या माउलीने यंदाही त्याच्यासाठी गादीला नवे कव्हर शिवले आहे. तिच्यापुढे मी वाट पाहण्यावर काय बोलणार?

बँडची वाट पाहणाऱ्या आठ लाखांतल्या एकाचेही नाव त्या बँडला माहीत नसते. मुलांना त्याचे वाईटही वाटत नाही, त्यांचे प्रेम तेवढे साधे असते. आपण मात्र ज्याची वाट पाहतो, त्याला आपली नावे ठाऊक आहेत, आणि तो आधीपासून आपल्यासाठी थांबला आहे, असे आपण दर रविवारी म्हणतो. म्हणून तर आजची मेणबत्ती गुलाबी.

तो मित्र नाताळनंतर आईकडे येणार आहे. जमल्यास इकडेही चक्कर मारीन म्हणाला. जमल्यास. मी त्याला मिस्सेचे विचारलेले नाही. आपल्या गायनवृंदाच्या गिटारची तुटलेली तार खामगावहून आणून बसवली आहे, एवढेच केले आहे.

कॅरलचा सराव मंगळवारपासून रोज संध्याकाळी सात वाजता चर्चमध्ये होईल. कॅरलफेरी शनिवारी निघेल, येताना स्वेटर आणि टॉर्च आणावा. कोणाला त्या दिवशी कुठल्या कार्यक्रमाला जायचे असेल तर मला आधी सांगावे, म्हणजे ढोलकी दुसऱ्या कोणाकडे देता येईल. आणि परत आल्यावर कार्यक्रम कसा झाला ते सांगायला यावे.

तुमचा,
फादर